पोरांच्या हातात महागातल्या वस्तू देताना या चुका टाळा

गेल्या जुलैमधली गोष्ट. बाहेर पाऊस धो धो, साडेचार वर्षांची आमची पोरगी घरात कंटाळलेली आणि मी कामात, म्हणून दिला फोन तिच्या हातात. तासाभरानं मागितला तर म्हणाली "ठेवला", पण कुठं ते सांगेना. रात्री गोधडीच्या घडीत सापडला, ओला, कॅमेऱ्याच्या काचेत आतनं वाफ धरलेली. लाडवाचे तुपकट हात लागले म्हणून तिनं तो बादलीत साबण लावून धुतला होता, मग टच चालेना म्हणून घाबरली आणि लपवला. मी काय केलं तर आधी ओरडलो आणि मग बॅटरी लाल दिसली म्हणून फोन चार्जिंगला लावला. सकाळी बंद, ते कायमचाच.

दोन दिवसांनी इथं कोल्हापुरात राजारामपुरीत रिपेअरवाल्याकडं नेला. त्यानं उघडून दाखवलं, चार्जिंग पोर्टजवळ बोर्डावर हिरवट थर आणि आतला छोटा पांढरा स्टिकर लाल झालेला (पाणी लागलं की तो लाल होतो, वॉरंटीवाले आधी तेच बघतात). म्हणाला, "दादा, पाण्यानं कमी आणि करंटनं जास्त गेलाय. लगेच बंद करून आणला असता तर बघता आलं असतं."

तेव्हापासून मला पक्कं वाटतं की सगळ्यात मोठी चूक ओरडण्याची. त्या दिवशी नाही, त्याच्या आधी महिनोन् महिने मी "हात लावू नको, फुटला तर बघ" करत आलो होतो, म्हणून तर तिनं लपवला. पोरानं पहिल्या मिनिटाला येऊन सांगितलं तर वस्तू वाचायची शक्यता तरी असते, पाच तासांनी सापडली की नाही. आमच्यात आता ठरलंय, पडलं, फुटलं, भिजलं तर आधी सांगायचं, सांगितल्यावर रागवायचं नाही, आणि हे पाळायला मलाच जास्त जड जातं.

भिजलाच तर आधी फोन बंद करा, चालतोय का बघायला परत परत चालू करू नका. कव्हर आणि सिमचा ट्रे काढा, पोर्ट खाली करून तळहातावर हलकेच आपटा, पुसा आणि पंख्याच्या वाऱ्यात ठेवा. हेअर ड्रायर नको. तांदळाच्या डब्यात तर अजिबात नको, तांदळाचा भुगा पोर्टमध्ये जातो, ॲपलनं स्वतःच्या सूचनांमध्येच तांदूळ नको म्हणून लिहिलंय. चोवीस तास तरी चार्जर लावायचा नाही, आणि आपल्याकडं पावसाळ्यात साधा टॉवेल दोन दोन दिवस वाळत नाही तिथं फोन आतनं कधी वाळणार, म्हणून चांगलाच भिजला असेल तर सरळ रिपेअरवाल्याकडनं उघडूनच घ्या. "आमचा आयपी 68 आहे" (फोन पाणी-धूळ किती सोसतो त्याचं रेटिंग) म्हणून निवांत बसू नका, ती टेस्ट स्वच्छ, साध्या पाण्यातली असते, साबणाच्या नाही.

दुसरं, अख्खा फोन उघडा करून देऊ नका. अँड्रॉइडला ॲप पिनिंग असतं, आयफोनला गाइडेड ॲक्सेस, दोन्हींत एकच ॲप उघडं राहतं आणि बाहेर पडायला तुमचा पिन लागेल असं सेटिंग करता येतं. यूपीआयचा पिन पोरांसमोर टाकू नका, ती आकडे नाही तर बोटं कुठं जातात ते लक्षात ठेवतात. आणि जेवताना फोन नकोच, दोन वर्षांखाली स्क्रीन दाखवूच नका असं बालरोगतज्ज्ञ सांगतात.

जुना बंद फोन खेळायला देणारे पण खूप आहेत, आम्ही पण द्यायचो. त्यातली बॅटरी फुगते, पोरगं चावतं, आपटतं, त्यातनं आग लागू शकते. देऊ नका.

आता हे मात्र नीट वाचा, इथं प्रश्न पैशाचा नाही. छोटे रिमोट, गाडीची चावी, वजनकाटा यांत बटणासारखे चपटे सेल असतात. पोरानं गिळला आणि घशाखाली अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतनं भाजतं, आणि वरनं फक्त लाळ गळणं, खायला नको म्हणणं एवढंच दिसतं, कधी तेही नाही. नुसती शंका आली तरी उलटी करवू नका, काही खायला देऊ नका, 108 ला फोन लावा नाहीतर थेट जवळचं मोठं हॉस्पिटल (आमच्या कोल्हापुरात सीपीआर) गाठा आणि एक्स-रे काढा. पोर एक वर्षावरचं असेल, गिळता येत असेल आणि गिळून बारा तास झाले नसतील तर वाटेत दर 10 मिनिटांनी 2 छोटे चमचे मध तेवढा चालतो, जास्तीत जास्त सहा वेळा, पण मध शोधायला घरी थांबायचं नाही. इथंही तेच, रागवतील म्हणून पोरगं बोललंच नाही तर आपल्याला कळणार कसं?

लॅपटॉपवर चहा सांडला तर चार्जर काढून पॉवरचं बटण दाबून धरा आणि पालथा घाला. टीव्ही पुसायला पोरांना फडकं, काच पुसायचा स्प्रे देऊ नका, आणि टेबलावरचा असेल तर भिंतीला बांधून घ्या.

परवा ती धावत आली, हातात टीव्हीचा रिमोट, मागचं झाकण तुटलेलं. "बाबा, माझ्याकडनं पडला." मी आधी सेल मोजले, दोन्ही होते. मग दोघांनी बसून टेप लावला.