रशिया-नाटोच्या बातमीत इतिहासाचा दाखला आला की तो कसा तपासायचा

आंतरराष्ट्रीय डेस्कवर नवा उपसंपादक आला आणि त्याच्या हाती रशिया-नाटोची कॉपी (बातमीचा मजकूर) पडली, की मी त्याला आधी एकच विचारते: बोलणाऱ्याने गोष्ट कुठल्या सालापासून सुरू केली? मॉस्कोचं भाषण असेल तर बहुधा १९९० किंवा १९९९. वॉर्सा (पोलंड) किंवा टालिनचं (एस्टोनिया) असेल तर १९३९. कीव्हचं (युक्रेन) असेल तर १९९४ नाहीतर २०१४. ते साल कागदावर लिहा आणि त्याच्या आधीची पाच-दहा वर्षं स्वतः भरून काढा. गाळलेला मजकूर बहुतेक तिथेच सापडतो.

सगळ्यात जास्त वेळा येणारा दाखला घेऊ. ‘नाटो एक इंचही पूर्वेकडे सरकणार नाही, असं वचन पाश्चात्त्यांनी दिलं होतं.’ ही रशियाने रचलेली थाप आहे असं समजून कात्री लावू नका. ९ फेब्रुवारी १९९० रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर मॉस्कोत सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांना भेटले, तेव्हा हे शब्द खरोखरच उच्चारले गेले. त्या बैठकीचं इतिवृत्त आता कुणालाही वाचता येतं. पण ते वाचताना विषय काय चालला होता तेही बघा. चर्चा जर्मनीच्या एकीकरणाची होती आणि वॉर्सा करार (सोव्हिएत संघाची पूर्व युरोपीय देशांशी असलेली लष्करी युती) तेव्हा अजून अस्तित्वात होता. त्याच वर्षी १२ सप्टेंबरला मॉस्कोतच जर्मनीविषयीच्या करारावर सह्या झाल्या. पूर्व जर्मनीच्या भूभागावर परदेशी सैन्य आणि अण्वस्त्रं ठेवायची नाहीत, हे त्यात आलं. पोलंड, हंगेरी किंवा बाल्टिक देशांबद्दल (एस्टोनिया, लॅटव्हिया, लिथुआनिया) एक ओळही आली नाही.

म्हणून ‘वचन मोडलं’ हे शीर्षक चालणार नाही आणि ‘वचन दिलंच नव्हतं’ हेही नाही. कॉपीत असं लिहा: तोंडी आश्वासन दिलं गेलं, लेखी करारात ते उतरलं नाही, आणि ते जर्मनीपुरतं होतं की त्यापलीकडचं यावर आजही वाद आहे. जागा असेल तर २७ मे १९९७ चा पॅरिसचा नाटो-रशिया करार जोडा. नाटोचा विस्तार होणार हे दिसत असताना रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन यांनी त्यावर सही केली होती. पोलंड, हंगेरी आणि चेक प्रजासत्ताक १९९९ च्या मार्चमध्ये नाटोत आले. पुढे डिसेंबर २०२१ मध्ये रशियाने जे मसुदे पुढे केले त्यांत ‘२७ मे १९९७ च्या स्थितीवर परत जा’, म्हणजे पूर्वेकडचे देश नाटोत येण्याआधीच्या सैन्यस्थितीवर, अशी मागणी होती. ही तारीख पाठ असेल तर त्या मसुद्यातली निम्मी गोम आपोआप कळते.

दुसरं काम म्हणजे उद्धृत केलेल्या वाक्याच्या शेजारचं वाक्य शोधणं. याला माझ्याकडे एक आवडता नमुना आहे. नोव्हेंबर १९९९ मध्ये इस्तंबूलला युरोपीय सुरक्षेची सनद मंजूर झाली. तिच्या आठव्या परिच्छेदात म्हटलं आहे की प्रत्येक देशाला आपली सुरक्षाव्यवस्था, म्हणजे लष्करी युतीसुद्धा, निवडण्याचा किंवा बदलण्याचा अधिकार आहे. ब्रसेल्सहून, म्हणजे नाटोच्या मुख्यालयातून, येणारं निवेदन सहसा इथे थांबतं. त्याच परिच्छेदात थोडं पुढे आहे की कुठल्याही देशाने दुसऱ्याच्या सुरक्षेच्या मोबदल्यात आपली सुरक्षा वाढवायची नाही. रशियाचे परराष्ट्रमंत्री लावरोव्ह यांनी २०२२ च्या सुरुवातीला पाश्चात्त्य परराष्ट्रमंत्र्यांना जे पत्र धाडलं, त्याचा सगळा भार या वाक्यावर होता. परिच्छेद एकच, सह्या दोघांच्याही, आणि प्रत्येक जण आपल्या सोयीचा तुकडा दाखवतो. नवख्याला मी हा परिच्छेद पूर्ण वाचायला लावते, सारांश चालत नाही. तो वाचल्यावर आणखी एक गोष्ट दिसते: अशी तक्रार कितीही खरी मानली, तरी शेजारच्या देशात रणगाडे घालण्याचा परवाना त्यात कुठेही नाही. हे माझं मत आहे आणि ते मी डेस्कवर लपवत नाही.

‘तुम्हीही तेच केलंत, त्याचं काय?’ हा तिसरा प्रकार. इथे कोसोव्हो (तेव्हाचा सर्बियाचा प्रांत) येणार म्हणजे येणारच. १९९९ मध्ये नाटोने युगोस्लाव्हियावर ७८ दिवस बॉम्बफेक केली आणि तिला सुरक्षा परिषदेची मंजुरी नव्हती. हे सरळ लिहा, आडपडदा नको. मार्च २०१४ मध्ये युक्रेनमधल्या क्रिमियाच्या विधिमंडळाने स्वातंत्र्याची घोषणा केली, तेव्हा कोसोव्होच्या स्वातंत्र्यघोषणेबद्दल आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१० मध्ये दिलेल्या मताचा हवाला दिला होता. तोही द्या. मग फरक मांडा. कोसोव्हो कुठल्याही नाटो देशाने आपल्यात विलीन केला नाही. क्रिमिया काही दिवसांत रशियात विलीन झाला. शिवाय १९९४ च्या बुडापेस्ट निवेदनात युक्रेनच्या सीमांचा आदर करू असं रशियाने अमेरिका-ब्रिटनच्या जोडीने लिहून दिलं होतं, आणि त्या वेळी युक्रेन आपल्या भूमीवरची सोव्हिएत अण्वस्त्रं सोडून देत होता. एकाची चूक दुसऱ्याच्या खात्यावर वळती करायची नाही, दोन्ही आपापल्या जागी लिहायच्या.

महायुद्धाचा विषय निघाला की घाई अजिबात करू नका. शस्त्रांचे आकडे चुकले तर दुसऱ्या दिवशी शुद्धिपत्र देता येतं, पण इथे लोकांचे आजोबा मेलेले आहेत. सोव्हिएत संघाची सुमारे २ कोटी ७० लाख माणसं त्या युद्धात गेली. ही संख्या कॉपीत नसेल तर रशियातल्या सामान्य माणसाचा संताप वाचकाला कळणार नाही. त्याच कॉपीत २३ ऑगस्ट १९३९ चा हिटलर-स्टालिन करार आणि पूर्व युरोप वाटून घेणारा त्याचा गुप्त मसुदा हवाच. तो मसुदा अस्तित्वात असल्याचं मॉस्कोने दशकानुदशकं नाकारलं. १९८९ च्या डिसेंबरात सोव्हिएत लोकप्रतिनिधींच्या काँग्रेसने त्याचा निषेध केला. कातीनचंही तसंच. १९४० मध्ये सोव्हिएत गुप्त पोलिसांनी सुमारे २२ हजार पोलिश अधिकारी आणि नागरिक मारले, दोष जर्मनांवर ढकलला गेला आणि मॉस्कोची कबुली १९९० मध्ये आली. क्रेमलिन याला उत्तर म्हणून १९३८ चा म्युनिक करार (ब्रिटन-फ्रान्सने चेकोस्लोव्हाकियाचा भाग हिटलरला देऊ केला तो) काढतं, आणि त्या वेळी पोलंडनेही चेकोस्लोव्हाकियाचा एक तुकडा घेतला होता याची आठवण देतं. तेही खरं आहे. खरं असल्याने १९३९ पुसलं जात नाही.

पुतळ्यांच्या बातम्यांत दोन्ही बाजूंच्या लोकांशी बोललेलं काहीतरी असल्याशिवाय कॉपी पुढे सोडू नका. टालिनमध्ये एप्रिल २००७ मध्ये सोव्हिएत लाल सेनेच्या सैनिकाचा कांस्य पुतळा शहराच्या मध्यातून लष्करी दफनभूमीत हलवला, तेव्हा दंगल झाली आणि लगोलग देशाच्या संगणक यंत्रणेवर हल्ले झाले. तिथल्या रशियन भाषकांना तो नाझींना हरवणारा सैनिक वाटतो. एस्टोनियन कुटुंबांना त्याच सैनिकामागून आलेली, १९९१ पर्यंत टिकलेली सत्ता आणि सायबेरियाला नेलेले नातलग आठवतात.

शस्त्रकरारांसाठी एक छोटा तक्ता भिंतीला चिकटवा: कोण कुठल्या करारातून कधी बाहेर पडलं. क्षेपणास्त्रविरोधी करारातून अमेरिका २००२ मध्ये, मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांच्या करारातून २०१९ मध्ये (रशिया आधीपासून तो मोडतोय असा आरोप करून), युरोपातल्या पारंपरिक सैन्याच्या करारातून रशिया २०२३ मध्ये. ‘पहिल्यांदा त्यांनी मोडला’ असं वाक्य आलं की तक्त्याकडे बघा.

राहिली तारखेची मेख. जर्मनीने बर्लिनमध्ये शरणागतीवर सही केली ती ८ मे १९४५ च्या रात्री उशिरा. मॉस्कोच्या घड्याळात तेव्हा ९ मे उजाडला होता. म्हणून पश्चिम युरोपात ८ आणि रशियात ९. युक्रेनने २०२३ मध्ये आपला दिवस ८ वर आणला, त्यामुळे आता नुसती तारीखही बाजू सांगून जाते. कॉपीत कुठली तारीख कोण पाळतं ते लिहा, आणि ‘दुसरं महायुद्ध संपलं’ हे खोडून ‘युरोपातलं युद्ध संपलं’ करा. जपानशी लढाई ऑगस्टपर्यंत चालूच होती.