जुळ्यांना घेऊन गाडीने पुणे ते सातारा: आधी कोण, मग कोण

आमच्या थोरलीत आणि धाकट्यात चार मिनिटांचं अंतर आहे. कोथरूडहून साताऱ्याच्या आजीकडे जायचं तर अंतर ११० किलोमीटरच्या आसपास. छळतं ते पहिलं अंतर. भूक दोघांना एकदम, शी एकदम, रडणं तर हटकून एकदम. अशा वेळी कोणाला आधी उचलायचं हे घरूनच ठरवून निघालात, तर निम्मी कटकट मिटते.

आधी टेप घेऊन पार्किंगमध्ये जा

कार सीट विकत घेण्यापूर्वी गाडीची मागची बैठक मोजा. मुलांच्या बऱ्याच सीट ४४ सेंटिमीटरच्या आसपास रुंद असतात. दोन्ही खिडक्यांशी एकेक लावली की हॅचबॅकमध्ये मधल्या फटीत मोठं माणूस बसत नाही, अडकतं. आमची मावशी हा प्रयोग करून शिरवळपर्यंत एका कुल्ल्यावर आली. मध्ये कोणाला बसवायचंच असेल तर तिथला पट्टा खांद्यावरून येतो का ते बघा. जुन्या गाड्यांत तो नुसता कमरेचा असतो.

पाठ आणि बैठक यांच्या सांध्यात बोटं घाला. लोखंडी कड्या लागल्या तर गाडीत आयसोफिक्स आहे, म्हणजे कार सीट पट्ट्याऐवजी थेट गाडीला अडकवायची सोय. या कड्या बहुधा खिडकीकडच्या दोनच जागांना असतात, म्हणजे जुळ्यांना बरोब्बर पुरतात. सीटसोबत वरचा पट्टा किंवा खाली टेकणारा पाय आला असेल तर तोही लावायचाच. मग बुडाशी धरून हलवा. अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकली तर पुन्हा बसवा.

दोन वर्षांपर्यंत तरी मुलांची तोंडं डिकीकडे असू द्या. सीटच्या वजन-उंचीच्या मर्यादेत बसत असतील तर त्यानंतरही. लहान मुलाचं डोकं जड आणि मान कच्ची, त्यामुळे समोरून धडक बसली तर झटका मानेऐवजी पाठीने झेललेला बरा. पुढच्या सीटवर एअरबॅग चालू असताना अशी सीट कधीच लावायची नाही. जुळी पुष्कळदा दिवस भरायच्या आधी येतात. अर्धवट बसल्यावर अशा बाळाची मान पुढे पडून श्वासाला त्रास होऊ शकतो, म्हणून पहिल्या लांबच्या प्रवासाआधी बालरोगतज्ज्ञांना विचारून घ्या.

"मी घेते की मांडीवर, तुम्हाला काय असल्या खुर्चीत वाढवलं?" हे ऐकावं लागेलच. ताशी ५० च्या वेगात धडक बसली तर दहा किलोचं पोर हाताला काहीशे किलोंचं होतं, हे मी आईंना दोनदा समजावलं. पटलं नाही. मग सांगितलं, २०१९ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा कार सीट नसेल तर हजार रुपये दंड आहे. हजार रुपये लगेच पटले.

बसवण्याचा क्रम

सामान आधी डिकीत. चावी खिशात, सीटवर टाकायची नाही. पोरं आत आणि चावीही आत, असं व्हायला एक बटण पुरतं. चाइल्ड लॉक लावलेलं.

आमचा धाकटा पळतो, म्हणून त्याची जागा डावीकडची. सोसायटीच्या पार्किंगमध्ये त्याला आधी बांधायचं. थोरली तोवर स्ट्रोलरमध्ये पट्ट्यासकट. रस्त्यावर मात्र क्रम उलटा. कर्वे रस्त्यावर उजवं दार उघडलं की दुचाकीवाला दाराशीच आलेला असतो, तेव्हा सगळे फुटपाथकडच्या डाव्या दारातूनच आत शिरतो. मी आतून थोरलीला उजवीकडे बांधते आणि दार ओढून घेतलेलं असल्यामुळे धाकट्याला पळायला जागाच नसते. तो माझ्या पायाशी बसून बुटाचं वेल्क्रो उचकटतो.

खांद्यापाशी पट्टा चिमटीत धरून बघा. घडी पडली तर सैल आहे. जुळी असली तरी वजनं सारखी नसतात, म्हणून एकाची सीट दुसऱ्याला देऊ नका. दर वेळी पट्टे बदलत बसावं लागतं आणि एकदा तरी ते राहतंच. डिसेंबरच्या पहाटे जाड स्वेटर घालून बांधू नका, पट्टा आवळून वरून शाल टाका. एप्रिल-मेमध्ये बकल आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघा.

वाटेत

आम्ही पाचला निघतो. पोरं झोपेत उचललेली, शिरवळपर्यंत बहुतेक वेळ झोपेतच. उशीर केला तर खेड-शिवापूरच्या टोलनाक्याची रांग आणि दोघांची भूक एकदम गाठ पडते. दोन तासांच्या आत एकदा तरी थांबून दोघांना सीटमधून बाहेर काढा. थांबायचं ते पेट्रोल पंपावर किंवा हॉटेलच्या आवारात, हायवेच्या कडेला नाही.

पहिल्या खेपेला मी शिरवळला दोघांना पोटभर दूध पाजलं आणि लगेच खंबाटकी चढायला घेतला. तिसऱ्या वळणाला थोरली ओकली, तिचं बघून धाकटा. कोरडे कपडे डिकीत, सगळ्या पिशव्यांच्या खाली! आता दोन छोट्या पिशव्या पुढे पायाशी असतात. प्रत्येकीत एक कपड्यांचा जोड, दोन डायपर, ओला रुमाल, प्लास्टिकची पिशवी. माझा एक कुडताही. घाटाआधी नुसता मऊ भात, तोही थोडाच, आणि नंतर अर्धा तास थांबतो. वरचं दूध असेल तर उकळलेलं पाणी थर्मासमध्ये आणि पावडर मोजून वेगळी न्या. कालवून ठेवलेलं दूध दोन तासांनंतर देऊ नका. चालत्या गाडीत काहीच भरवू नका, आणि शेंगदाणे, चुरमुरे, अख्खी द्राक्षं तर आणूच नका. मागे तोंड करून बसलेलं मूल ठसकलं तर पुढून कळतही नाही.

खेळणी दोन न्या, आणि दोन्ही अगदी सारखी. वेगवेगळी घेऊन मुलांना वाटून घ्यायला शिकवायचं असेल तर ते घरी शिकवा.

एकाला शू करायला नेताना दुसरं झोपलेलं असतं. "दोनच मिनिटं" म्हणून त्याला आत ठेवून जायचा मोह होतो. जायचं नाही. उन्हात बंद गाडी दहा मिनिटांत दहाएक अंशांनी तापते, खिडकी बोटभर उघडी ठेवूनही फार फरक पडत नाही. एकटे असाल तर दोघांना काढा, झोप मोडली तर मोडली.

परतताना कात्रजच्या नव्या बोगद्यानंतर नवले पुलापर्यंत उतार आहे. अवजड गाड्या तिथे सुसाट येतात, अपघातही वारंवार होतात. मागे कितीही किंचाळ्या चालू असल्या तरी त्या उतारावर मागे वळायचं नाही आणि पडलेली बाटली उचलायची नाही. वारज्याला गाडी बाजूला घेता येते.

घरी पोचल्यावर दोघंही झोपलेली असतात. वॉचमनकाकांना गाडीजवळ उभं करते, एकाला वर नेऊन घरातल्यांच्या हाती देते, मग दुसऱ्याला. घरात कोणी नसेल तर स्ट्रोलर काढून दोघांना एकदमच लिफ्टने. डिकीतलं सामान सकाळी काढलं तरी चालतं.