गच्चीवरचा कॅमेरा एकाच केबलवर चालवायचाय?
वायरमन आधी प्लग पॉइंट मागेल, पण पीओई (पॉवर ओव्हर इथरनेट) स्विच घेतलात तर नेटच्या केबलमधूनच करंट पण जातो. आधी कॅमेऱ्याचे वॅट बघा, ८०२.३एएफ या पीओई स्टँडर्डवाला पोर्ट १५.४ वॅट देतो पण टोकाला १२.९५च धरा, फिरणारा कॅमेरा असेल तर ८०२.३एटी म्हणजे ३० वॅटवाला बरा. आठ पोर्ट आहेत म्हणजे आठही फुल पॉवर देतील असं नसतं हां, स्विचचं एकूण पॉवर बजेट, म्हणजे सगळे पोर्ट मिळून किती वॅट, ते वाचा. केबल शुद्ध तांब्याची, १०० मीटरच्या आत. मी एकदा स्वस्तातली तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची घेतली, रात्री आयआर लाइट (अंधारात दिसण्यासाठीचे) लागले की पॉवर कमी पडून कॅमेरा बंद! पॅसिव्ह इंजेक्टर (नेटच्या केबलमध्ये करंट सोडणारा साधा डबा) वाटेल त्याला लावू नका, तो समोर काय आहे ते न तपासताच करंट सोडतो.