उतारवयात अंगातील चरबी मोजताना या चुका टाळा

ऐन उमेदीत तालमीत घाम गाळलेले आणि आता सत्तरी ओलांडलेले अनेक कोल्हापूरकर 'तिशीत होते तेवढेच वजन आजही आहे' असे अभिमानाने सांगतात. हे समाधान बऱ्याचदा फसवे ठरते, कारण मेहनत सुटल्यावर मांड्यांचे आणि दंडांचे स्नायू झिजतात, त्याच सुमारास पोटात चरबी साठते आणि वजनकाट्यावर दोन्हींची फिट्टंफाट होऊन आकडा जागचा हलत नाही. म्हणूनच केवळ वजनावरून चरबीचा अंदाज बांधणे ही पहिली चूक होय.

बीएमआय, म्हणजे किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, काढतानाही घोटाळा होतो. वयोमानाने मणक्यांमधील चकत्या दबतात, पाठीला बाक येतो आणि उंची काही सेंटिमीटरने घटते. ६० किलो वजनाच्या व्यक्तीची उंची १६० सेंटिमीटर असताना बीएमआय २३.४ येतो, तीच उंची १५५ वर आली की तो २५ च्या घरात जातो. भारतीयांसाठी २५ पासून लठ्ठपणा धरला जात असल्याने, एक ग्रॅमही वजन न वाढता माणूस लठ्ठ ठरू शकतो. उलट, जुन्या कागदपत्रांवरील उंची वापरली तर झिजलेल्या स्नायूंमागे लपलेली चरबी नजरेआड होते.

घरोघरी आलेल्या 'चरबी सांगणाऱ्या' वजनकाट्याविषयी सर्वाधिक गैरसमज आहेत. हा काटा चरबी थेट मोजत नाही. एका तळपायातून दुसऱ्यात अत्यंत सौम्य विद्युतप्रवाह सोडून त्याला होणारा विरोध तो मोजतो आणि वय, उंची व लिंग यांच्या आधारे सूत्राने अंदाज वर्तवतो. हा प्रवाह मुख्यतः पायांतून फिरतो, त्यामुळे पोटातील चरबीबद्दल त्याला फारसे कळत नाही. जन्मभर शेतात अनवाणी वावरलेल्या आजीच्या कोरड्या, भेगाळलेल्या टाचांमुळे विरोध वाढतो आणि चरबी आहे त्यापेक्षा जास्त दिसते. पायांना सूज असेल तर साठलेल्या पाण्यामुळे तीच कमी दिसते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या सुरू असतील तर आकडा आणखी हेलकावे खातो. रात्री तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर ताव मारून दुसऱ्या दिवशी काट्यावर उभे राहणाऱ्याने त्या आकड्याची धास्ती घेऊ नये. सकाळी शौचानंतर, चहापूर्वी, तळपाय ओलसर फडक्याने पुसून, दर वेळी त्याच काट्यावर मोजावे. सुनेच्या किंवा नातवाच्या नावाने नोंदवलेल्या माहितीवर आजोबांनी उभे राहू नये, ही साधी गोष्टही अनेक घरांत पाळली जात नाही. पेसमेकर बसवलेल्यांनी मात्र या काट्यावर मुळीच उभे राहू नये.

कंबरेचे माप स्वस्त आणि उपयुक्त आहे, पण ते घेण्याची जागा चुकते. परकराच्या नाडीचा वर्षानुवर्षांचा वळ कंबरेवर उमटलेला असतो आणि टेप आपसूक त्याच खाचेत जाऊन बसते. ती जागा सोडून, शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, उघड्या त्वचेवर, श्वास सहज सोडल्यावर माप घ्यावे. नऊवारीच्या ओच्यावरून किंवा धोतराच्या निऱ्यांवरून घेतलेले माप निरुपयोगी असते. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेलेली कंबर धोक्याची समजावी. जुनी, ताणलेली शिंप्याची टेप वापरू नये.

कातडीची चिमट धरून तिची जाडी कॅलिपर नावाच्या चिमट्यासारख्या मोजपट्टीने मोजण्याच्या पद्धतीचा वृद्धांमध्ये भरवसा कमीच. त्वचा सैल पडलेली असते आणि चरबी कातडीखालून पोटाच्या आत सरकलेली असते.

अधिक विश्वासार्ह आकडा हवा असल्यास डेक्सा, म्हणजे सौम्य क्ष-किरणांनी हाडे, स्नायू आणि चरबी मोजणारी तपासणी करता येते. मात्र हाडांच्या ठिसूळपणासाठी होणारी डेक्सा सहसा कंबर आणि खुब्यापुरती असते. चरबीसाठी संपूर्ण शरीराची तपासणी वेगळी सांगावी लागते. खुब्याचा किंवा गुडघ्याचा सांधा बदलला असेल तर तेही आधीच सांगावे, कारण धातूमुळे निष्कर्ष बिघडतात.

चरबीबरोबर स्नायूही तपासावेत. पोटरीच्या सर्वांत जाड भागाचा घेर पुरुषांत ३४ आणि स्त्रियांत ३३ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल, किंवा हात छातीशी घेऊन खुर्चीवरून पाच वेळा उठण्या-बसण्यास १२ सेकंद किंवा अधिक लागत असतील, तर स्नायू कमी झाल्याची शंका घ्यावी. काट्यावरील चरबीचा आकडा उतरला म्हणून घरात कौतुक होत असताना, प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात वजन पाच टक्क्यांनी घटलेले असेल, तर आहारात आणखी काटछाट करण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवावे.