मल्टी-एजंट सिस्टम्स शिकायच्यात? आधी दोन रोबोंना एकमेकांच्या आड येऊ द्या

इंजिनीअरिंगला एआयमध्ये एजंटचा (म्हणजे आजूबाजूचं बघून स्वतः निर्णय घेणाऱ्या प्रोग्राम किंवा रोबोचा) एक चॅप्टर असतो, त्यात सेन्सर, ॲक्च्युएटर (हालचाल करणारे भाग), पीईएएसचा तक्ता (कामगिरी, परिसर, ॲक्च्युएटर, सेन्सर), एजंटचे प्रकार वगैरे, आणि तो आपण सगळेच पेपरच्या आदल्या रात्री पाठ करतो. मीपण तेच केलं होतं, अर्थात डोक्यात काही शिरलं नव्हतं. नंतर परत शिकायला बसलो तेव्हा व्याख्या बाजूला ठेवून सरळ कोड लिहायला घेतला, तोच रस्ता सांगतो.

पायथनमध्ये व्हॅक्यूम क्लीनर लिहा, पंचवीस-तीस ओळींचं काम आहे. दोन खोल्या, रोबोला फक्त तो आहे ती खोली दिसते, घाण असेल तर साफ कर नाहीतर दुसऱ्या खोलीत जा. चालवून बघा, दोन्ही खोल्या चकाचक झाल्या तरी हा बाबा इकडून तिकडे फिरतच बसतो, कारण त्याला आधीचं काही आठवतच नाही. आता प्रत्येक हालचालीला एक मार्क कापा आणि शेजारची खोली कशी सोडली होती ते लक्षात ठेवायला एक व्हेरिएबल द्या. झालं, रिफ्लेक्स (समोर दिसेल त्यावरच वागणारा) आणि मॉडेल-बेस्ड (आधीचं लक्षात ठेवणारा) एजंटमधला फरक कळला.

आता ५ बाय ५ ची ग्रिड घ्या आणि त्यात दोन रोबो सोडा, कोड दोघांना सेम. दोघंही जवळच्या त्याच कचऱ्याकडे पळतात, एक आधी पोचतो, दुसऱ्याची फेरी फुकट. गंमत ही की कोडमध्ये बग नाहीये, एकेकटा बघितला तर दोघंही बरोबर वागतायत. मल्टी-एजंट (एकाच जागी अनेक एजंट) हा वेगळा विषय का आहे ते मला इथे कळलं.

सोपा उपाय म्हणजे ग्रिड अर्धी अर्धी वाटून द्या, पण सगळा कचरा एकाच बाजूला पडला की दुसरा नुसता उभा. मग बोलणं आलं. त्यासाठी कॉन्ट्रॅक्ट नेट करून बघाच, रीड स्मिथनी १९८० मध्ये मांडलेला प्रोटोकॉल (बोलण्याचे ठरलेले नियम) आहे आणि आपल्या सोसायटीचं रंगकाम निघाल्यावर कोटेशनं मागवतात ना, डिट्टो तसाच चालतो. ज्याच्याकडे काम आहे तो सगळ्यांना कळवतो, बाकीचे बोली लावतात (इथे कचऱ्यापर्यंतचं अंतर), ज्याची बोली परवडते त्याला काम. एक खोच आहे, कामं एकेक करून वाटली की पहिलं स्वस्तात जातं आणि शेवटचं भलतंच महाग पडू शकतं, ते मुद्दाम घडवून बघा.

पण रोबो वेगवेगळ्या मालकांचे असतील आणि खोटी बोली लावली तर? इथून गेम थिअरी सुरू होते, म्हणजे प्रत्येकजण आपला फायदा बघत असताना कोण काय करेल याचं गणित. प्रिझनर्स डिलेमा (दोन कैद्यांचं कोडं) आणि नॅश इक्विलिब्रियम (एकट्याने चाल बदलून कुणाचाच फायदा होत नाही अशी स्थिती) कागदावर सोडवा, मग विल्यम विक्री या अर्थतज्ज्ञाचा १९६१ चा लिलाव घ्या. समजा तिघांचा खरा खर्च ४०, ५५ आणि ७० रुपये आहे. काम ४० वाल्याला, पण पैसे दुसऱ्या नंबरच्या बोलीचे, म्हणजे ५५. त्याने ४० ऐवजी ५० सांगितले तरी ५५ च मिळणार, ६० सांगितले तर कामच गेलं, आणि ३० सांगून फायदा शून्य, उलट कुणी ३५ बोललं तर पदरचे ५ घालून काम करायचं. खोटं बोलून फायदा नाही हे नियमातच बसवलंय, मला तर हा भाग वाचून दोन दिवस दुसरं काही सुचत नव्हतं.

पुस्तक पाहिजे तर शोहम आणि लेटन-ब्राउन यांच्या 'मल्टिएजंट सिस्टम्स'ची पीडीएफ लेखकांनीच फुकट ठेवलीय. पहिल्या धड्यापासून सुरू करू नका, दमाल, गेम्सचा तिसरा धडा आधी घ्या.

गणिताचा कंटाळा आला की नेटलोगो उघडा, खूप सारे एजंट एकत्र चालवून बघायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे, ब्राउझरमध्ये पण चालतं. त्यातलं सेग्रिगेशन (वस्त्या वेगळ्या होण्याचं) मॉडेल चालवा, अर्थतज्ज्ञ थॉमस शेलिंगच्या कल्पनेवरचं. प्रत्येकाला फक्त ३० टक्के शेजारी आपल्यासारखे हवेत, तरी शेवटी आकडा ७० च्या आसपास जातो, आणि असं व्हावं असं त्यातल्या कुणालाच वाटत नसतं. स्लायडर हलवून बघत बसा, तास कसा जातो कळत नाही.

चॅटबॉटचे एजंट जोडायच्या लायब्ररी यानंतरच घ्या, तिथेही कोण कुठलं काम घेणार आणि कुणाच्या उत्तरावर किती विश्वास ठेवायचा हीच भांडणं आहेत. आणि काहीही लिहा, पहिल्या दिवसापासून रँडम सीड (ज्या आकड्यावरून रँडम नंबर निघतात तो) फिक्स करा आणि प्रत्येक मेसेज फाइलमध्ये लिहून ठेवा, नाहीतर काल झालेला घोळ आज परत होत नाही आणि आपण रात्रभर स्क्रीनकडे बघत बसतो.