नाताळची संत्र्याची माळ आणि बुरशी

यंदा आमच्या वसईच्या स्वयंपाकघरात नाताळला प्लास्टिकच्या झिरमिळ्या नकोच, असं ठरवलं. सासूबाईंचं तांब्याचं तपेलं नि पितळी डबे माळ्यावरून काढले. चिंच-मीठ चोळल्यावर लखलखले. अडलं ते संत्र्याच्या चकत्यांच्या माळेवर. गच्चीत २ दिवस वाळवल्या, पण इथली दमट हवा! तिसऱ्या दिवशी कडेला हिरवी बुरशी. दुसऱ्या खेपेला चकत्या जेमतेम पाव इंच कापल्या, फडक्याने टिपल्या आणि ओव्हनमध्ये १०० अंशांवर ३ तास ठेवल्या, मध्ये दोनदा उलटून. साल कडक, गर रंगीत काचेसारखा. सुतळीत दालचिनीच्या कांड्यांसोबत ओवून खिडकीत टांगल्या. शेगडीपासून मात्र लांब. वाफ लागली की पुन्हा चिकटतात.