सात सीटर गाडीचं ॲव्हरेज कसं मोजावं, कसं सांभाळावं

मोठी गाडी घेतली की नागपुरात पहिला प्रश्न ठरलेला: "किती देते?" आणि उत्तर बहुतेक वेळा फुगवलेलं. कुणी डॅशबोर्डवरचा आकडा सांगतं, कुणी समृद्धीवरचा एखादा चांगला दिवस सांगतं. आमच्याकडे डिझेल ऑटोमॅटिक सफारी आहे. मी गांधीबागेत एका कापडाच्या पेढीवर हिशेब लिहिते, त्यामुळे घरच्या गाडीचा हिशेबही माझ्याच वहीत असतो. वहीतले आकडे सांगते: शहरात ९ ते १०, हायवेवर सबुरीनं चालवली तर १५-१६.

कंपनीचा आकडा १४.५ आहे आणि तो खोटा नाही. पुण्याच्या एआरएआय संस्थेच्या पद्धतीनं गाडी रोलरवर चालवतात, एसी बंद ठेवून, ठरावीक वेगानं, जास्तीत जास्त ९० पर्यंत. तिथे व्हरायटी चौक नसतो, मे महिना नसतो आणि मागच्या सीटवर "एसी वाढव नं" म्हणणाऱ्या सासूबाई नसतात. तो आकडा दोन गाड्यांची तुलना करायला वापरा, आपल्या महिन्याच्या खर्चाला नको.

आता मोजणं. टाकी फुल करा, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की थांबवायला सांगा आणि ट्रिप मीटर शून्यावर आणा. पुन्हा भराल तेव्हा त्याच पंपावर, जमलं तर त्याच मशीनवर, पुन्हा पहिल्या कटपर्यंतच. खरी गडबड इथे होते. पंपावरचा पोरगा मीटरकडे बघत विचारतो, "मॅडम, तीन हजार करून देऊ का?" आणि आपण मान हलवायच्या आत दोनतीनदा नोझल दाबून आकडा गोल करतो. डिझेलला फेस येतो. पहिला कट फेसामुळेच लवकर पडतो, आणि नंतर थांबून थांबून भरलं तर आणखी लिटर-दोन लिटर सहज मावतं. ते दोन लिटर या वेळच्या हिशेबात आले आणि मागच्या वेळी नव्हते, तर सगळं गणित वाकडं. त्याला आधीच सांगायचं, "दादा, गोल नको, कटवर सोडा." हसतो, पण ऐकतो.

मग भागाकार: ४१२ किलोमीटर, ३६.८ लिटर, म्हणजे ११.२. त्याच टाकीला डॅशबोर्ड १२.१ दाखवतो, कारण तो इंजेक्टरवरून अंदाज बांधतो. एका टाकीवर मत बनवू नका. तीन-चार टाक्या झाल्या की एकूण किलोमीटरला एकूण लिटरनं भागा. नुसत्या ॲव्हरेजची सरासरी काढू नका. ६०० किलोमीटर १० नं आणि ६०० किलोमीटर १५ नं गेलात तर साडेबारा होत नाही: ६० आणि ४० मिळून १०० लिटर लागले, म्हणजे १२.

आणि पैसे कुठे वाचतात तेही यातच दिसतं. हजार किलोमीटरला १० वरून १२ वर आलात तर सुमारे १७ लिटर वाचतात. १४ वरून १६ वर गेलात तर जेमतेम ९. डिझेल नव्वद रुपये धरलं तर पहिल्यात दीड हजार, दुसऱ्यात आठशे. म्हणून मेहनत शहरातल्या चालवण्यावर घ्या, तिथेच गळती आहे.

अठराशे किलोच्या आसपासची गाडी शून्यावरून हलवायला डिझेल लागतं, आणि ब्रेक मारला की त्या डिझेलची उष्णता होऊन जाते. वर्धा रोडनं जाताना मी छत्रपती चौकाच्या सिग्नलला अडकण्यापेक्षा डबल डेकर पुलावरूनच जाते. पुढे अजनी चौकापासून सीताबर्डीपर्यंत मात्र सुटका नाही. तिथे एकच युक्ती: लांबून लाल दिवा दिसला की ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा आणि गाडी गिअरमध्येच राहू द्यायची. आताच्या इंजिनात असं केलं की इंजेक्टर डिझेल सोडणंच बंद करतो. न्यूट्रल केलं तर इंजिन चालू ठेवायला त्याला डिझेल द्यावंच लागतं. "न्यूट्रलमध्ये वाचते" हा आपल्या बाबा-काकांचा सल्ला जुन्या गाड्यांचा आहे, वर गाडी आवरायला इंजिनाचा जो रोध मिळतो तो जातो, ते वेगळंच. उभी गाडी एसी लावून चालू ठेवली तर तासाला पाऊण-एक लिटर जातं. शाळेबाहेर रोज वीस मिनिटं अशी उभी राहणारी गाडी पाहिली की माझा जीव तुटतो.

उन्हाळ्यात एसी बंद ठेवा असं मी सांगणार नाही. ४५ डिग्रीत तो आगाऊ सल्ला झाला. फक्त चारही काचा उघडून मिनिटभर गाडी चालवा, आतली भट्टी बाहेर जाऊ द्या, मग काचा लावून आतलीच हवा फिरवायचं बटण दाबा. एसीवरचा भार पुष्कळ कमी होतो. सकाळी थंडीत डिझेल भरलं तर जास्त मिळतं, हे मात्र सोडून द्या. टाकी जमिनीखाली असते, दिवसभरात तिथलं तापमान फारसं बदलत नाही.

सकाळी काय करायचं तर हवा तपासायची. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतो, त्यावरचा आकडा थंड टायरचा आहे. दुपारी तापलेल्या टायरात दर पाच-सहा डिग्रीला साधारण एक पीएसआय वाढलेला दिसतो, आणि पोरगा "जास्त आहे" म्हणून हवा सोडतो. दुसऱ्या दिवशी टायर मऊ. सात जणांनी रामटेकला जायचं असेल तर भरलेल्या गाडीचा वेगळा आकडा स्टिकरवर असतो, तो पाळा.

हायवेवर सगळा खेळ वेगाचा. समृद्धीवर १२० ची मर्यादा आहे म्हणून १२० नं जायलाच पाहिजे असं नाही. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो, ९० वरून १२० वर गेलात की तो जवळपास पावणेदोन पट होतो, आणि आपली गाडी समोरून कपाटाएवढी रुंद. आमची ९५ ला १६ देते, १२० ला १२. टपावरचं कॅरिअर प्रवास संपला की काढून ठेवा.

पेट्रोलवाल्यांसाठी एवढंच, की इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. ई-२० वर, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर, ॲव्हरेज थोडं घसरलं तर त्यात मेकॅनिकचा दोष नाही. गडकरीसाहेबांच्या गावात हे जरा हळूच बोलते.

आणि सवय तीच असताना आकडा अचानक पडला तर? डिझेल गाडी नुसती दोन-दोन किलोमीटर फिरत असेल तर डीपीएफमध्ये, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये, काजळी साचते, ती जाळायला गाडी जास्तीचं डिझेल टाकते. आठवड्यातून एकदा बुटीबोरीपर्यंत अर्धा तास एका वेगानं चालवून आणा. त्यानंही फरक पडला नाही तर फिरून आल्यावर प्रत्येक चाकाजवळ हात न्या, टेकवू नका. तीन कोमट आणि एकाची धग लागत असेल तर तो ब्रेक चिकटतोय. मेकॅनिकला कॅलिपर उघडून बघायला सांगा.